अण्णांचा कोसर

गेल्या महिन्यात भाच्यानं नवी गाडी घेतली. पेढे घेऊन आला आणि पेढा माझ्या तोंडात असतानाच मला ओढत खाली घेऊन गेला. म्हणाला, "मावशी, नुसतं दार लावून बघ." मी लावलं. ढप्प असा आवाज झाला. "ऐकलंस? कसलं वजन आहे बघ! आधीची गाडी म्हणजे पत्र्याचा डबा होता नुसता." छान आहे रे, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार? मग रंकाळ्यापर्यंत फेरी झाली. तो एसीचं सांगत होता, रुंद टायरांचं सांगत होता, आणि मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात बसाप्पाअण्णांना तोंड देत होते. "वजन वाढलं व्हय, अक्का?" अण्णा विचारत होते. "मग आमी एवढं खरवडलं ते कशापायी?"  

अण्णा म्हणजे आमच्या फाउंड्रीतले पॅटर्नमेकर. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तश्शी ती लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि मागं राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. आमच्याकडून जे काही लोखंडाचं बाहेर गेलं ते सगळं आधी अण्णांच्या हातून सागवानात झालेलं होतं. मी होते ड्रॉइंग ऑफिसात. नकाशे ट्रेस करायचे, मापं तपासायची, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीतून उत्तरं लिहायची. सबंध कारखान्यात बाई मी एकटी, आणि मुळात किरकिरी. आई म्हणायची, ही जन्माला आली तीच कपाळाला आठी घालून. अठरा वर्षं त्या भट्टीच्या शेजारी काढल्यावर आठी जायची कुठून?

पहिल्याच आठवड्यात मी अण्णांची खोड काढली. त्यांनी केलेला पॅटर्न माझ्या नव्याकोऱ्या पट्टीनं मोजला, तर प्रत्येक माप थोडं थोडं जास्त. मी लगबगीनं जाऊन मालकांना सांगितलं की तुमच्या मिस्त्रींना मोजता येत नाही. मालक हसले आणि म्हणाले, जाऊन त्यांनाच सांगा. गेले. बुटके, रुंद बांध्याचे, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, कानावर लाल पेन्सिल. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पेटीतून एक पितळी पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी ठेवली. त्यांच्या पट्टीवरचा इंच माझ्या इंचापेक्षा जरासा मोठा होता.

"लोखंड थंड झालं की आकसतंय, अक्का," ते म्हणाले. "म्हणून पॅटर्नवाल्याचा इंच जगापरास मोठा आसतोय. तुमची पट्टी कागदाला बरी हाय."

मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान, पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून अक्काच म्हटलं. त्यांच्या नेसरीकडं, पार कर्नाटकाच्या हद्दीला, बाईमाणसाला असंच म्हणतात.

त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेराशीच संपलेलं होतं. उमेदवारीत असताना रंध्याच्या मशीननं नेलं. कुणी नवा माणूस त्या बोटाकडं बघत राहिला की ते बोट वर करून म्हणायचे, "बघून घ्या. बसाप्पाचं माप कमी पडलंय ते हितंच काय ते." आणि ते खरंच होतं. बाकी सगळीकडं त्यांचं माप जास्तच.

घंटा झाली की सगळे सायकलींकडं पळायचे, अण्णा दहा मिनिटं जास्त थांबून रंध्याला धार लावायचे. डब्यात चार भाकऱ्या लागत असतील तर पाच आणायचे. पाचवी कुणाची ते ठरलेलं नसायचं, पण ती कधी परत गेली नाही. एकदा मी त्यांना एक पोळपाट करून द्या म्हटलं. आठ दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. घरी नेईपर्यंत माझा खांदा उतरला. आईनं तो दोन्ही हातांनी उचलला, पुन्हा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "हा पोळपाट आहे की जात्याचं पाळं गं?" मी अण्णांना सांगितलं तर त्यांना जराही वाईट वाटलं नाही. उलट खूश झाले. "नातवंडांच्या नातवंडांला ऱ्हाईल. कोसर घातलाय त्येच्यात."

कोसर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नेसरीच्या बाजारात अण्णांच्या वडलांचं शेंगा-मिरचीचं दुकान होतं. माप झालं, तागडी सरळ झाली, की वडील वर एक मूठ टाकायचे. त्या वरच्या मुठीला तिकडं कोसर म्हणतात, शब्द कानडीकडून आलेला. "माप गिऱ्हाइकाचं, अक्का. त्ये त्येचं हाय, त्ये द्यायाच पायजे. कोसर आपला. कोसर न्हाय घातला तर नुसता धंदा झाला की वो. त्यात माणूस कुठं आला?" वडलांनी पोराला दुकानात न बसवता कोल्हापूरला सुतारकामाला धाडलं, तेव्हा एवढं एकच बजावून सांगितलं होतं. अण्णांनी ते सागवानात आणलं. नकाशात भिंत जेवढी जाड, त्याहून केसभर जास्त. कोपरा जेवढा गोल, त्याहून जरा भरीव. कुणाला कळणार नाही, मापात बसेल, पण वस्तू जन्मात मोडणार नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळी कुणाची काही हरकतच नव्हती. आम्ही पंपाच्या बॉड्या ओतायचो, तेलाच्या इंजिनांचे भाग ओतायचो. ओतकाम किलोवर विकलं जायचं. गिऱ्हाईक आलं की कास्टिंग उचलून बघायचं, "दणकट हाय," म्हणायचं आणि खूश होऊन जायचं. नकाशाच्या कोपऱ्यात वजनाचा एक चौकोन असतो. तो मी दहा वर्षं नुसता ट्रेस करत आले, आत काय लिहिलंय ते वाचायची वेळ कधी आली नाही.

ती वेळ आली नव्वदचं दशक संपता संपता. मालकांनी पुण्याच्या एका मोठ्या गाडीवाल्या कंपनीचं काम आणलं. नवी छोटी गाडी निघणार होती, इथं विकली जाणार होती आणि परदेशातही जाणार होती. तिच्या इंजिनाला धरून ठेवणारा ब्रॅकेट, म्हणजे इंजिन ज्याच्यावर टांगलेलं असतं तो लोखंडी हात, आम्हाला ओतायला मिळाला. मालकांनी सगळ्या कारखान्याला जिलेबी वाटली. या कामावर पुढची वर्षं निघणार होती. पंपाची कामं तोवर रोडावली होती, वीसेक माणसांना नुसतं बसवून ठेवलं होतं, आणि हे काम गेलं तर त्यांना घरी पाठवायचं हे उघड होतं.

कंपनीकडून केतकर नावाचा इंजिनियर आला. पोरगेलासा, खिशाला तीन पेनं, दर पाच मिनिटांनी रुमालानं हात पुसायचा. अण्णा त्याला पावणं म्हणायचे. पहिलं सँपल झालं. केतकरांनी प्रत्येक माप घेतलं, सगळी बरोबर. मग ब्रॅकेट काट्यावर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. वजन जास्त. दुसरं सँपल केलं. मापं बरोबर, वजन पुन्हा तेवढंच जास्त. मालकांनी भट्टीवाल्याला झापलं, वाळूवाल्याला झापलं, मलाही झापलं. शेवटी सगळे चहाला बसलो तेव्हा मीच वैतागून विचारलं, "अहो, दीडशे ग्रॅमनं असं काय आभाळ कोसळतंय? मूठभर शेंगदाणे होतात तेवढ्याचे!"

केतकर म्हणाले, "बाई, तिकडच्या देशांत आता गाडीचा धूर मोजतायत. काळा धूर नव्हे, न दिसणारा, कार्बनचा. एक किलोमीटरला किती ग्रॅम धूर सोडला, ते गाडीच्या कागदावर लिहावं लागतं. त्यानं हवा तापतेय, पृथ्वी तापतेय म्हणतात. गाडी जड झाली की पेट्रोल जास्त लागतं, आणि पेट्रोल जास्त जळलं की धूर जास्त. म्हणून आम्ही प्रत्येक पार्टातनं थोडं थोडं वजन काढतोय. तुमच्यातनं दीडशे ग्रॅम, दुसऱ्याकडनं दोनशे. सगळे म्हणाले की दीडशेनं काय होतंय, तर गाडी आहे तिथंच राहते."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "धूर? ग्रॅमात?"

"हो."

"दिसत न्हाय म्हणतासा, आनि त्येचं वजन करतासा? पावणं, चेष्टा करतासा व्हय गरिबाची?"

सगळे हसले. केतकरही हसले, पण जाताना मालकांना बाजूला घेऊन सांगून गेले की तिसरं सँपल शेवटचं. तेही बसलं नाही तर काम दुसऱ्या गावच्या फाउंड्रीला जाईल. मालक मग मला म्हणाले, "अण्णांचं वय झालं बहुतेक. पॅटर्न पुण्याहून कॉम्प्युटरच्या मशीनवर करून आणूया का?" मी म्हटलं, दोन दिवस द्या.

मला संशय आलाच होता. मी दुसरं सँपल करवतीवर मधोमध कापून घेतलं आणि आतल्या भिंती मोजल्या. प्रत्येक माप चालण्यासारखं होतं, पण प्रत्येक माप चालण्याच्या अगदी वरच्या टोकाला. आधाराच्या पट्ट्या भरीव, कोपरे भरीव. एका ठिकाणी जास्त झालं तर माणूस म्हणेल चुकून झालं. सगळीकडं सारखंच जास्त चुकून होत नाही. ते दोन तुकडे घेऊन मी तरातरा पॅटर्न शॉपमध्ये गेले आणि अण्णांच्या बाकावर आपटले.

"हे काय आहे, अण्णा?"

त्यांनी तुकड्यांकडं पाहिलं. लपवायचा प्रयत्न केला असता तर बरं झालं असतं. "कोसर," ते म्हणाले. "घातलाय की. सवयीनं."

"दुसऱ्यांदा पण सवयीनं?"

"दुसऱ्यांदा म्हाईत असून घातला. न्हाय काढवत, अक्का." ते खाली बसले. "इंजिन लोंबतंय त्येच्यावर. खड्डा आला, आनि तुटला तर? आत लेकरंबाळं बसणार. कागद काढणाऱ्यानं त्येचा हिशोब केला आसंल, न्हाय म्हणत न्हाय. पर हात माझा हाय की वो. आजपातूर माझ्या हातचं कायबी तुटलेलं न्हाय."

आता मी इथं गप्प बसायला हवं होतं. वीस जणांची कामं जाणार होती आणि हा माणूस शेंगांच्या गोष्टी सांगत होता, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अण्णा, तुमचे वडील मूठ टाकायचे ती स्वतःच्या पोत्यातली! तुमचा हा कोसर तुमच्या खिशातून जातोय का? गाडीवाला तो जन्मभर वाहणार. पेट्रोल तो जाळणार. आणि धूर जाणार भलत्याच कुणाच्या तरी नाकात. ही कसली माणुसकी? लोकांच्या डोक्यावर ओझं ठेवायचं आणि वर पुण्य आपलं म्हणायचं!"

बोलले आणि जीभ चावली. अण्णांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. चाळीस वर्षं माणूस ज्या एका गोष्टीवर उभा होता, तीच मी पायाखालून ओढून घेतली होती.  मी माफी मागितली नाही. कारण मी म्हटलं ते खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच मला आज इतक्या वर्षांनी त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाकाशी उभे होते. हातात फुटलेल्या काचेचा तुकडा. पटाशीनं लाकूड निघतं ते जास्त निघतं. केसभर काढायचं तर काचेनंच खरवडावं लागतं. पॅटर्नवरून काच फिरवायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखा भुगा निघायचा, तो ते टाकून देत नव्हते. डब्याच्या झाकणात गोळा करत होते. पॅटर्नवाल्यांचा एक जुना हिशोब असतो, लाकडाच्या वजनाला ठरावीक आकड्यानं गुणलं की लोखंडाचं वजन कळतं. अण्णांनी लॅबमधला बारीक तराजू मागून घेतला आणि झाकणातला भुगा तोलत तोलत दोन दिवस खरवडलं. त्या दोन दिवसांत त्यांनी रेडिओ लावला नाही. पाचवी भाकरी आणली होती, पण कुणाला दिली नाही. तशीच डब्यात परत नेली.

तिसरं सँपल काट्यावर ठेवलं तेव्हा सगळा कारखाना काम टाकून बघायला आला होता. चौकोनात लिहिलेल्या आकड्यापेक्षा वजन दोन ग्रॅमनी कमीच भरलं. मोल्डिंगचा रामू ओरडला, "अण्णा, नाद खुळा!" मालकांनी अण्णांना मिठी मारली. केतकरांनी हात पुढं केला, तर अण्णांनी त्या हातावर कागदाची एक पुडी ठेवली.

"काय आहे हे?"

"भुगा हाय, पावणं. माझा कोसर. तुमच्या गाडीतनं काढलाय, तवा तुमीच जपून ठेवा. एक इच्यारतो, रागावू नका. हेच्यानं धूर खरंच कमी हुईल न्हवं?"

"होईल, अण्णा. नक्की," केतकर म्हणाले आणि पुडी खिशात टाकली.

काम मिळालं. वीसच्या वीस माणसं राहिली. बघता बघता रस्त्यावर त्या गाड्या दिसायला लागल्या. आणि अण्णा बदलले. घंटा झाली की पहिल्यांदा सायकल काढणारे तेच. भाकऱ्या मोजून चार. नकाशात जेवढं माप असेल तेवढंच लाकूड, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. मालक म्हणायचे, अण्णा आता कसे अगदी मशीनसारखे काम करतात. मला ते ऐकवत नसे.

आणखी एक सवय लागली त्यांना. दर सोमवारी सकाळी ड्रॉइंग ऑफिसच्या दाराशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. चौकटीला हात लावून विचारायचे, "अक्का, पत्र?"

म्हणजे तक्रारीचं पत्र. कुठं ब्रॅकेट तुटल्याचं. मी फाईल न उघडताच सांगायची, "नाही, अण्णा." मग ते जायचे. पावसाळ्यात रस्त्यांची चाळण झाली की मध्ये बुधवारीसुद्धा एक फेरी व्हायची. मला कधी कधी राग यायचा. हातात शंभर कामं, आणि हा माणूस मला अपराधी वाटायला लावायला येतो! एकदा मी फटकन म्हटलं, "अण्णा, तुटला असता तर मीच सांगायला आले नसते का?" ते म्हणाले, "तुमी आला असता. पर तवर माझा आठवडा कसा जावा?" त्यानंतर मी कधी फटकन बोलले नाही. सहा-सात वर्षं दर सोमवारी ते विचारत राहिले आणि मी नाही म्हणत राहिले. पत्र आलं नाही.

पुढं कारखान्यात धातूचे पॅटर्न कॉम्प्युटरवर व्हायला लागले, पॅटर्न शॉपमध्ये खोक्यांचं गोदाम झालं आणि अण्णा निवृत्त झाले. नारळ, शाल, दोन भाषणं. उचगावात मुलगी महादेवी राहते, तिथं गेले.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी केतकर पुन्हा आले. केस विरळ झाले होते, पद वाढलं होतं. जुनी गाडी बंद होऊन त्याच गाडीचं नवं रूप येत होतं, त्याचे नकाशे घेऊन आले होते. आता मला वजनाचा चौकोन आधी बघायची सवय लागलेली. बघितला. नवा ब्रॅकेट जुन्यापेक्षा चांगला पाव किलो जड.

"चूक झालीय का हो ही?" मी विचारलं.

"नाही, नाही. इंजिन मोठं आहे ना आता. गाडीही लांब-रुंद झालीय. लोकांना एसी पाहिजे, म्युझिक पाहिजे, दार लावलं की भारी आवाज आला पाहिजे. हलकी गाडी कुणालाच नको असते, बाई."

"आणि धूर?"

"इंजिन सुधारतंय की. पण वजन पुन्हा ते खाऊन टाकतं." त्यांनी खांदे उडवले. "चालायचंच. आम्ही एकीकडनं काढतो, सेल्सवाले दुसरीकडनं घालतात."

थकलेले दिसत होते बिचारे. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. उठता उठता मी विचारलं, "अण्णांनी तुम्हाला एक पुडी दिली होती, आठवतं का?"

"कसली पुडी?" केतकर म्हणाले.

त्या रविवारी मी उचगावला गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. महादेवीनं घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान घातलंय. आत पोत्यांच्या मध्ये, खुर्चीवर अण्णा. निम्मे झाले होते. दोन वाक्यं बोलले की दम लागत होता. समोर लाल आकड्यांचा काटा.

"अक्का! या की. काय देऊ?"

काहीतरी घ्यायला हवं म्हणून मी एक किलो शेंगदाणे मागितले. त्यांनी ओतले. शेवटी शेवटी दाणा दाणा सोडला. आकडा एका किलोच्या पुढं सरकला तर चार दाणे उचलून परत पोत्यात टाकले. नेसरीच्या त्या दुकानदाराचा मुलगा चार दाणे परत काढून घेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हे मी केलं होतं. केतकरांनी नव्हे, त्या लांबच्या देशांनीही नव्हे.

"पत्र?" त्यांनी विचारलं. वार रविवार होता.

"नाही, अण्णा. एकही नाही. आता येणारही नाही, ती गाडी बंद झाली."

"तुटला न्हाय म्हणायचा."

"नाही तुटला."

त्यांनी मान हलवली.  "पावणं येत्यात?"

"येतात की. परवाच आले होते."

"पुडी हाय का त्येंच्यापाशी?"

"आहे ना," मी म्हणाले. "टेबलाच्या खणात ठेवलीय म्हणाले. नवीन पोरांना दाखवतात."

"आनि धूर? कमी झाला तिकडं?"

"झाला, अण्णा. पुष्कळ कमी झाला. नवी गाडी तर आणखी हलकी काढलीय त्यांनी."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. फळी सरळ आहे की वाकडी ते बघताना करायचे तसा त्यांनी एक डोळा बारीक केला.

"अक्का," ते म्हणाले, "ह्यात कोसर किती?"

माझे डोळे भरून आले. मी रडणारी बाई नव्हे, पण आले. अण्णा हसायला लागले, हसण्याचा खोकला झाला, आतून महादेवी पाणी घेऊन धावत आली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली. तो अर्ध्या बोटाचा हात पोत्यात घातला, भरगच्च मूठ काढली आणि काट्याकडं न बघता माझ्या पिशवीत टाकली. मग आणखी एक.

"घेऊन जा," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होते. "तू घातलास, मग मी का हात आखडू?"

वळणावर गेल्यावर मी मागं पाहिलं. माझ्यामागून आलेली एक म्हातारी पिशवी उघडून उभी होती. काट्यावर माप होऊन गेलं होतं, आणि महादेवी आतून वडलांना ओरडून सांगत होती, "आप्पा, पुरे की, सांडाय लागलंय!" अण्णांचा हात पुन्हा पोत्यात गेला होता.